सोफा धुतला, पण वाळल्यावर डाग परत आले

प्रश्न: घरी माणसं बोलावून सोफा मशीनने धुऊन घेतला. ओला असताना लख्ख दिसत होता, पण वाळल्यावर बैठकीवर तपकिरी वर्तुळं उमटली. कापड गेलं का?

उत्तर: बहुधा नाही. पाणी जास्त मारलं आणि मशीनने परत ओढून कमी घेतलं, की ते फोममध्ये उतरतं. वाळताना तेच पाणी जुना मळ आणि उरलेला साबण वर आणून कापडावर सोडतं. म्हणूनच अशा डागाची कड गडद आणि मधला भाग फिका असतो.

आधी सोफ्याच्या लेबलवर सफाईचं कोणतं अक्षर आहे ते बघा. ‘एस’ असेल तर फक्त ड्राय सॉल्व्हंट (पाणी नसलेलं सफाईचं द्रावण), ‘एक्स’ असेल तर नुसतं व्हॅक्यूम. ‘डब्ल्यू’ किंवा ‘डब्ल्यूएस’ असेल तरच पाणी. त्याच माणसांना परत बोलवा, पण आता शाम्पू नको. साध्या पाण्याचा एक हलका फवारा आणि त्यावर तीन-चार वेळा नुसतं ओढणं. मशीनच्या टाकीत येणारं पाणी फेसाळ असेल, तोवर साबण आतच आहे. केवळ डाग ओला करू नका. शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण भाग घ्या, नाहीतर नवी कड उमटते. नंतर पांढरा टॉवेल दाबून ओल टिपा, गाद्या उभ्या करा, पंखा लावा.

सुती किंवा लिननच्या कापडावर अल्कधर्मी साबणानेही तपकिरी छटा येते. त्यावर लिटरभर पाण्यात ५० मिली पांढरं व्हिनेगर मिसळून हलकं फवारा, पण आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला रंग सुटतो का ते तपासून.