बॅरल बदलण्याआधी स्क्रू तपासा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सप्टेंबर उलटला की अमेरिकेतल्या मराठी शिकाऱ्यांची पत्रं एकाच वळणाने येऊ लागतात. रायफलचा नेम बिघडलाय, नवी बॅरल (नळी) मागवतोय, घरीच बसवू का? दरवर्षी तेच लिहायचा कंटाळा आला, म्हणून यंदा सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. एक पत्र सिंधुदुर्गातून आलंय. त्याचं उत्तर बाकीच्यांनी आपल्याला लागू करू नये.

स्वतःच्या रायफलची बॅरल घरी बदलणं कायदेशीर आहे का? (ओहायो)

संघीय कायद्याने हो. फक्त बॅरल १६ इंचांपेक्षा आणि अख्खी रायफल २६ इंचांपेक्षा आखूड होता कामा नये. राज्याचे नियम परवानाधारक विक्रेत्याला विचारा.

माझी .३०८ (काडतुसाच्या मापाची) रायफल बारा वर्षांची आहे, वर्षाला दोन खोकी काडतुसं झाडतो. १०० यार्डांवर तिचा ग्रुप (सलग झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा विस्तार) इंचभराचा यायचा, यंदा तीन इंचांचा येतोय. रेंजवर सगळे म्हणतात, बॅरल झिजली. मोसमाला दोन आठवडे उरलेत, आत्ताच बदलू का? (पेनसिल्व्हेनिया)

त्या ‘सगळ्यां’पैकी कुणी बॅरलमध्ये डोकावून पाहिलं का? वर्षाला दोन खोकी, म्हणजे ४० काडतुसं, असं तुम्हीच लिहिता. बारा वर्षांत पाचशेही झाली नाहीत. .३०८ ची बॅरल काही हजार गोळ्या सहज काढते. झीज हळूहळू जाणवते. एका मोसमात नेम बिघडला, तर बहुधा काहीतरी सैल झालंय.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून आधी अॅक्शन (काडतूस घेऊन झाडणारा यंत्रभाग) आणि दस्ता जोडणारे स्क्रू पाहा. ते निर्मात्याने दिलेल्या मापाने, टॉर्क रेंचनेच आवळा. मग स्कोपचा (दुर्बिणीचा) माउंट आणि रिंगा. काडतुसं त्याच कंपनीची, त्याच वजनाच्या गोळीची आहेत ना? बॅरलमध्ये गोळ्यांचं तांबं साचलंय का? तोंडाची कड कुठे ठेचली आहे का? ही कड म्हणजे गोळीला सुटताना लागणारी शेवटची जागा. गाडीत रायफल आपटली की तीच आधी दुखावते. एवढं करूनही फरक पडला नाही, तर गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) बोअरस्कोप, म्हणजे नळीत आत पाहायची दुर्बीण, घालून पाहून घ्या. बॅरल मोसम संपल्यावर. दोन आठवड्यांत ती बसवून, तपासून, स्कोप नव्याने जुळवून होत नाही. हा विचार जूनमध्ये करायचा असतो.

मित्र म्हणतो, हेडस्पेस गेजवर पैसे घालवू नकोस. बॅरल फिरवून बसव, काडतूस घालून बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा दांडा) बंद झाला की काम झालं. बरोबर आहे का? (टेक्सास)

नाही. मित्राला हे पुन्हा कुणाला सांगू देऊ नका.

बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये (बॅरलमधल्या काडतुसाच्या खोबणीत) काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०८ मध्ये ते काडतुसाच्या खांद्यापाशी (पितळ निमुळतं होतं तिथे) मोजतात. ते तपासायला काडतुसाऐवजी मापाचे पोलादी तुकडे, म्हणजे गेज, घालतात: ‘गो’ गेज १.६३० इंचाचं, ‘नो-गो’ १.६३४ इंचाचं. दोहोंत फरक चार हजारांश इंचाचा, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीएवढा. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये.

कारखान्याचं काडतूस मुद्दामच चेंबरपेक्षा किंचित लहान ठेवतात. त्यामुळे चेंबर खोल राहिलं तरी बोल्ट गुमान बंद होतो. गोळी सुटताना मात्र काडतुसाचं पितळ त्या मोकळ्या जागेत ताणलं जातं आणि बुडाजवळ फाटू शकतं. .३०८ चा कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड. तो वायू मागे निसटला, तर समोर तुमचा चेहरा असतो. काडतुसाच्या बुडाला चिकटपट्टी लावून गेजचं काम भागवण्याची युक्तीही मला कळवली जाते. पट्टी दाबली जाते, गेज दाबलं जात नाही. विषय संपला.

रायफल कोणती, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. सॅव्हेज ११० ला बॅरल नट (बॅरल जागी धरणारा नट) असतो, म्हणून ती गेज लावून जुळवता येते. नट आवळल्यावर दोन्ही गेजांनी पुन्हा तपासावं लागतं, आणि हेच लोक विसरतात. रेमिंग्टन ७०० च्या मूळ रचनेत बॅरलचा खांदा (तिच्यावरची पायरी) अॅक्शनला टेकतो. तिथे माप लेथवर साधतात. चेंबर आधीच कोरलेल्या बॅरल मिळतात, पण त्यांनाही गेज चुकत नाही. अॅक्शनमध्ये पाइप पाना अडकवून जुनी बॅरल सोडवणाऱ्यांच्या पिळलेल्या अॅक्शन मी पाहिल्या आहेत. बॅरल वाचवायला गेले आणि रायफल घालवून बसले. बंदुकांच्या प्रदर्शनातून आणलेला सुटा बोल्ट घालणार असाल, तर माप पुन्हा पहिल्यापासून. आणि बॅरल वेगळ्या काडतुसाची असेल, तर तिच्यावर तसं कोरलेलं हवं. .२२३ च्या बॅरलमध्ये .३०० ब्लॅकआउटचं काडतूस झाडून रायफली फुटल्या आहेत.

पहिल्यांदाच करत असाल, तर गनस्मिथकडेच द्या. स्वतः केलंत, तरी पहिली गोळी झाडण्याआधी त्याच्याकडून तपासून घ्या.

‘अर्ध्या इंचाच्या ग्रुपची हमी’ असलेली बॅरल घ्यावी का? (न्यू जर्सी)

हमीखालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकदा तीन गोळ्यांचा एक ग्रुप, तोही निवडक काडतुसांनी. तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. पाच-पाचचे चार ग्रुप दाखवा म्हणा, मग बोलू.

वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. नळीला आतून गंज चढलाय. गावातला लोहार नवी नळी घालून देतो म्हणतो. रानडुकरांचा त्रास फार आहे. (कुडाळ)

लोहाराला बंदुकीला हातही लावू देऊ नका. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच ठरतो, आणि दुरुस्तीला कलम ५ खाली परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे कलम मोडल्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे. लोहाराला भट्टीचं लोखंड कळतं, नळीतला दाब नाही. गंजलेली नळी तोवर वापरू नका. परवाना घेऊन वडिलांनी स्वतः परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जावं, आणि त्याआधी पोलीस ठाण्यात व परवाना शाखेत विचारावं. बंदूक परवानाधारकाच्याच हाती राहू द्या, तुम्ही ती घेऊन निघू नका. आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुकरांसाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज करा.

नवी बॅरल ठरावीक गोळ्या झाडून ‘मुरवावी’ लागते का? (मिनेसोटा)

निर्मात्याने लिहिलं असेल तर तसं करा. लिहिलं नसेल तर स्वच्छ पुसा आणि झाडा.