घरात मोठं आजारपण असताना डोहाळजेवण करावं का?

"आई अशी असताना घरात डोहाळजेवण घातलं तर लोक काय म्हणतील?" कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. कधी डोहाळजेवणाच्या जागी मुंज असते, कधी वाढदिवस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

विचारणारा मुलगा होता. आईचा अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरलेला, केमो चालू, आणि बायकोला सातवा महिना. सून म्हणत होती, "त्या झोपून असताना मी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसू? मला काहीच नको." दोघंही प्रेमापोटीच बोलत होती. पण आईंना कोणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या दुखण्यानं घरातलं सगळंच बंद पडलंय. निदान हे तरी होऊ द्या. आणि ओटी मीच भरणार."

मग बेत आखला. केमो दर 21 दिवसांनी होती. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी कमी होतात, संसर्गाची भीती तेव्हा जास्त. म्हणून तिसऱ्या आठवड्याचा शेवट धरला, रक्त तपासून डॉक्टरांची परवानगी घेतली. सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊ नये, असं आधीच कळवलं. फोडणीच्या वासानं आईंना मळमळायचं, तेव्हा खाणं बाहेरून मागवलं. थकल्या तर त्या आत जाऊन पडणार, पण गाणी थांबवायची नाहीत, ही अट त्यांचीच.

ओटी त्यांनी खुर्चीत बसून भरली. मग झाकलेल्या दोन वाट्या पुढे केल्या. सुनेनं एक उघडली, बर्फी निघाली. मुलगी! नणंदेनं दुसरी उघडली, तर तिच्यातही बर्फीच. सासूबाईंनी पेढा ठेवलाच नव्हता. सून हसता हसता रडायला लागली. मला नंतर म्हणाली, "हसले, त्याचंच अपराधी वाटतंय." मी म्हटलं, "अगं, तू हसावंस म्हणूनच केलं ना त्यांनी ते!"

हसण्यानं आजार बरा होतो, असं मी कोणालाही सांगत नाही. पण आनंदाला घरात जागा मिळाली की अवघड बोलणंही निघतं, हे मी पाहत आले आहे. पुढच्या भेटीत आईंनी आपणहून विषय काढला, "बारशाला मी नसले तर पाळण्यात माझ्या जुन्या लुगड्यांची दुपटी घाला." कोणती लुगडी, ते सुनेनं नीट विचारून घेतलं. मुलगा मात्र उठून बाहेर गेला. त्याच्याशी एकट्यानं बोलायला पुढच्या आठवड्यातली वेळ ठरवली आहे.