परदेशातल्या खेड्यात बालवाडीची ताई व्हायचंय, जाऊ का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी २५ वर्षांची आहे, बालशिक्षणाचा डिप्लोमा झालाय आणि सध्या एका प्रीस्कूलमध्ये शिकवते. परदेशात व्हॉलंटिअर म्हणून जायचं खूप मनात आहे, तेही शहरात नाही, एखाद्या खेड्यातल्या बालवाडीत. नेटवर ढीगभर प्रोग्राम दिसतात, दोन आठवड्यांपासून वर्षभरापर्यंतचे, आणि बहुतेक जण आपल्याकडूनच पैसे मागतात. फुकट काम करायचं आणि वर फी पण भरायची, हे घरच्यांना अजिबात पटत नाहीये. तिथली भाषा येत नाही. टुरिस्ट व्हिसावर आरामात जाता येतं असं एक एजंट म्हणतोय. काय करू?

उत्तर : जा की. पण दोन आठवड्यांसाठी नको, ते आधीच सांगते. तीन-चार वर्षांचं पोर नवीन माणसाच्या मांडीवर येऊन बसायलाच किती दिवस घेतं हे तू रोज बघतेस, मग ते जरा रुळलं की तू बॅग भरणार, तुझ्या जागी दुसरी ताई, मग तिसरी, आणि प्रत्येक वेळी रडारड त्या पोराच्या वाट्याला. किमान चार-सहा महिने काढता येत असतील तरच विचार कर.

संस्था निवडताना वेबसाइटवरचे हसरे फोटो बाजूला ठेव आणि त्यांना सरळ विचार की मी यायच्या आधी हा वर्ग कोण घेत होतं आणि मी गेल्यावर कोण घेणार. "आधी दुसरा व्हॉलंटिअर होता, नंतर अजून एक येईल" असं उत्तर आलं तर तो नाद सोड, कारण मग त्या गावातल्या एखाद्या बाईला पगारावर ठेवायची जागा तुम्ही लोक आळीपाळीने फुकटात भरताय. गावातली शिक्षिका आहे, वर्ग तिचा आहे आणि तू तिच्या हाताखाली, असं असेल तर ते काम करण्यासारखं.

फीचं म्हणशील तर फी मागितली म्हणजे लगेच फसवणूक असं नाही. राहणं, जेवण, ट्रेनिंग, आजारी पडलीस तर धावून येणारं माणूस, याला खर्च येतोच. पण हिशोब माग, त्यातले किती पैसे गावात पोचतात ते लेखी घे, आढेवेढे घेतले की समजून जा. सगळेच पैसे घेत नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा व्हॉलंटिअर कार्यक्रम उलट राहण्याखाण्यापुरता भत्ता देतो, फक्त तिथे शिक्षण आणि अनुभव बघून निवड होते. व्हीएसओ ही ब्रिटिश संस्था १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलं पाठवायची, पुढे मात्र शिकलेली, कामाचा अनुभव असलेली माणसं पाठवायला लागली. अमेरिकन सरकारच्या पीस कोअर या व्हॉलंटिअर कार्यक्रमात तुला जाता येणार नाही, तिथे अमेरिकन नागरिकच लागतो, पण त्यांची पद्धत बघ : साधारण २७ महिन्यांचा मुक्काम आणि त्यातले पहिले तीनेक महिने नुसतं ट्रेनिंग, त्यात भाषा आलीच.

भाषेचं टेन्शन आहे ते बरोबरच आहे. लहान मुलांना त्यांच्या घरच्या भाषेतच समजतं, त्यामुळे गोष्ट सांगायचं काम तिथल्या बाईंचं. तू निघायच्या आधी "शू आली", "दुखतंय", "थांब", "आई येईल हं" एवढं तरी घोटून घे, आणि हातवाऱ्यांची दोन-तीन गाणी तिथल्या भाषेत पाठ कर. पालक बहुतेक म्हणतील की परदेशातून बाई आल्यात तर इंग्रजी शिकवा, एबीसीडी घोकून घ्या. तिथे तिथल्या बाईंना पुढे कर, त्या काय ठरवतील ते.

वर्ग कसा असेल? चटईवर तीन ते सहा वर्षांची सगळी एकत्र, त्यात कोणीतरी कडेवरचं भावंड पण घेऊन आलेलं. बिया, खडे, बाटल्यांची झाकणं हेच साहित्य, आणि ते छानच असतं, फक्त त्या कडेवरच्याकडे लक्ष ठेव. टॉयलेट रोलच्या आतल्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही, घशात अडकते. नळ नसेल तर काठीला पाण्याचा कॅन टांगायचा, त्याला दोरी, दोरीला खाली पायाने दाबायची काठी, पाय दिला की कॅन कलून पाणी पडतं, बास, पोरं हौसेने हात धुतात. याला टिपी टॅप म्हणतात, जायच्या आधी एकदा बनवून बघ.

त्या एजंटचं ऐकू नकोस. बऱ्याच देशांत बिनपगारी काम पण कामच धरतात, टुरिस्ट व्हिसावर पकडली गेलीस तर परत पाठवतील आणि एजंट फोन उचलणार नाही. संस्थेने तुझा पोलिस क्लिअरन्स, म्हणजे तुझ्यावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला, मागितलाच नाही तर तिथे जाऊच नकोस, कारण मग त्यांनी कोणाचाच मागितला नसणार आणि मुलं अशा कोणाच्याही ताब्यात असणार. "बालवाडी" म्हणून अनाथाश्रमात पाठवत असतील तरी नको. अशा ठिकाणच्या कितीतरी मुलांचे आईवडील जिवंत असतात, पाहुण्यांच्या पैशासाठी मुलं तिथे आणली जातात. ऑस्ट्रेलियात २०१८ ला आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला तेव्हा हा प्रकार पण त्या चर्चेत आला होता. मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

लसींचं डॉक्टरांना लवकर विचार. यलो फीव्हरची लागत असेल तर ती किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, सर्टिफिकेट मग आयुष्यभर चालतं.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, हायस्कूलमधून गणित शिकवून निवृत्त झालो. लहान मुलांचा अनुभव नाही. मला असं जाता येईल का?

उत्तर : सर, येईल, पण थेट बालवाडीच्या वर्गावर नको. तिथल्या शिक्षकांसोबत बसून मोजणीचे खेळ तयार करणं, साहित्य बनवणं, हे तुम्हाला जास्त जमेल. तरी बालवाडीच हवी असेल तर आधी जवळच्या एखाद्या बालवाडीत परवानगी काढून महिनाभर रोज जा. सकाळभर जमिनीवर उठबस गुडघ्यांना झेपते का, तेही तिथेच कळेल.