प्रश्नोत्तरे : निसर्गाला हेतू नसेल, तर कशाच्या आधारावर ठरवायचं?

२०१९ च्या महापुरानंतर गावात सगळे म्हणाले, निसर्गानं सूड घेतला, आता शंभर वर्षं काळजी नाही. २०२१ ला पुन्हा घरात पाणी. पुतण्या म्हणतो, नदीला ना सूड कळतो ना दया, कशालाच अर्थ नाही. असं मानलं तर माणूस हातपाय गाळून बसणार नाही का?
– एक शेतकरी, शिरोळ तालुका

पुतण्याचं नदीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. ‘कशालाच अर्थ नाही’ हे मात्र त्यातून निघत नाही. पंचगंगा चढते ती पाणलोटात पाऊस किती झाला, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि नृसिंहवाडीला कृष्णा किती भरली आहे, यावर. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. म्हणूनच शिरोळचं पाणी ओसरायला वेळ लागतो. या हिशेबात गावाचं पाप-पुण्य कुठंच येत नाही.

‘सूड घेतला’ आणि ‘आता शंभर वर्षं काळजी नाही’ ही एकाच चुकीची दोन टोकं. दोन्हींत नदी आपली खातेवही ठेवते असं धरलंय. पूर कुठवर येऊ शकतो हे नकाशावर दाखवणारी लाल पूररेषा शंभर वर्षांच्या पुराची म्हणतात, म्हणजे दर वर्षी तेवढं पाणी येण्याची शक्यता १ टक्का. गेल्या वर्षी आलं होतं हे पावसाला आठवत नाही. तीस वर्षांसाठी घर बांधणार असाल तर ०.९९ हा आकडा तीस वेळा गुणा. उत्तर ०.७४ येतं, म्हणजे त्या काळात निदान एकदा पाणी येण्याची शक्यता २६ टक्के. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची. तिथं ०.९६ तीस वेळा गुणलं की ०.२९ उरतं, म्हणजे शक्यता ७१ टक्के! हे गणितही जुन्या नोंदींवर उभं आहे. पावसाची तऱ्हा बदलली तर आकडे वाढतील, तेव्हा त्यांना किमान समजा.

आता कामाचं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पण ते माप कोल्हापूरचं आहे, तुमच्या उंबऱ्याचं नाही. धोका पातळीची वाट बघत बसण्यानंच बहुतेकांची फसगत होते. २०१९ आणि २०२१ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं ते ऑइलपेंटनं आखा. बंधाऱ्यावर किती फूट असताना, किती तासांनी पाणी बांधाला, गोठ्याला, उंबऱ्याला लागलं, ते घरातल्यांना विचारून लिहून काढा. शिरोळला कृष्णेचा फुगवटा असतो, म्हणून सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळीही शेजारी टिपा. मग कोरड्या दिवसांतच ठरवा : अमुक फुटाला नदीवरची मोटर वर काढायची, अमुक फुटाला जनावरं हलवायची. रात्री पाणी चढताना घरात एकमत होत नाही.

जनावरं वाचली पाहिजेत हे तुम्हाला नदीनं सांगितलेलं नाही. ते तुम्ही ठरवलंत, म्हणून त्याचं वजन तसूभरही कमी होत नाही. जगाला आपणहून काही अर्थ नाही असं मानणं म्हणजे निहिलिझम; तरीही आपला अर्थ आपण ठरवायचा, विधायक निहिलिझम म्हणतात तो एवढाच.

‘काहीच सत्य नाही’ हे वाक्य तरी खरं कसं?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

नाहीच. ते स्वतःलाच खोडतं, तेव्हा सोडून द्या. टिकणारं म्हणणं असं : कुणी सांगितलं, किती जणांनी मानलं, आपल्याला किती आवडलं, यानं विधान खरं ठरत नाही. सरावासाठी कागदावर तीन रकाने आखा : पाहिलेलं, अनुमान, आपली पसंती. ‘हा गूळ पिवळाधमक आहे, म्हणजे चोख आहे’ हे विधान घ्या. रंग पहिल्या रकान्यात, चोखपणा दुसऱ्या, ‘पेठेत याला भाव मिळावा’ तिसऱ्या. काहिलीत भेंडीचं पाणी घालून मळी नीट काढली तरी रंग खुलतो आणि हायड्रोस ही गंधकयुक्त रसायनाची पावडर टाकली तरी खुलतो. म्हणजे रंगावरून चोखपणा कळतच नाही, गंधकाचा अंश प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. दुसऱ्या रकान्यातली गोष्ट नकळत पहिल्यात लिहिली जाते, नेमकी तिथंच गफलत होते. रकाने भरून झाले की प्रत्येक ओळीला विचारा : काय दिसलं तर मी हे मागे घेईन? उत्तर नसेल तर ती ओळ तिसऱ्या रकान्यात न्या.

मग अंबाबाईचा किरणोत्सव निव्वळ योगायोग म्हणायचा का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

नाही. किरणोत्सवात मावळतीची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात, कारण मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे दिवस २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर पडतात. म्हणून दोन्ही वेळा सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला साधारण १७-१८ अंशांवर मावळतो आणि किरण त्याच वाटेनं आत येतात. सूर्य खाली जाईल तसे ते चरणांवरून वर सरकतात. क्षितिजावर ढग असले किंवा वाटेत बांधकाम उभं राहिलं की किरण पोचत नाहीत. सूर्य कुणासाठी थांबत नाही, वाट मोकळी ठेवायची ती आपणच. दर्शनाचा भाव ज्याचा त्याचा, भूमितीनं त्याला बाधा येत नाही.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा शून्यवाद म्हणजे हा निहिलिझमच का?
– एक वाचक, इचलकरंजी

नाही. साधारण दुसऱ्या शतकातला हा आचार्य म्हणतो, कोणतीच वस्तू स्वतःच्या बळावर नसते, ती कारणांवर अवलंबून उभी राहते. ‘काहीच नाही’ असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांना त्यानंच बजावलंय : शून्यता चुकीची धरली तर चुकीच्या पकडलेल्या सापासारखी घात करते.

मुलगा ‘सगळं निरर्थक’ म्हणतो, कॉलेजला जात नाही, दिवसभर पडून असतो. त्याला कोणतं पुस्तक द्यावं?
– एक आई, कागल

ताई, आत्ता पुस्तक नको. विचारातून आलेल्या निहिलिझमनं भूक मरत नाही, झोप उडत नाही, आवडीचा खेळ नकोसा होत नाही. यातलं काही दोन आठवडे रोज दिसत असेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. त्याच्याशी वाद घालू नका. वादात तो जिंकेल आणि आणखी एकटा पडेल. जेवण-झोप कशी आहे ते विचारा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर पहिला फोन तुम्हीच करा.