पोळ्यातलं मेण काळपट निघतंय, पांढरंशुभ्र कसं करायचं? ब्लीच चालेल का?

ब्लीच अजिबात घालू नका.

तुम्ही लिहिलंय की घरच्या चार सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्यांतली जुनी पोळी पाण्यात उकळून मेण काढलं, ते काळपट आलं, खालून स्पंजासारखं भुसभुशीत झालं, आणि त्याच्या मेणबत्त्या आणि लिप बाम करायचेत म्हणून दुकानातल्यासारखं पांढरं हवंय, कारण "शुद्ध मेण पांढरंच असतं ना". ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

शुद्ध मेण पांढरं नसतं. माशीच्या पोटाखालून ते पापुद्र्यासारखं निघतं तेव्हा पांढरं असतं, नवीन बांधलेलं पोळंही पांढरट असतं, पण मग पराग लागतो, मध भरतो, पिल्लं वाढतात, आणि पिवळं, तपकिरी, काळं असा रंग चढत जातो. दुकानातलं पांढरं मेण एकतर ब्लीच केलेलं असतं, नाहीतर त्यात पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं मेण, असतं, नाहीतर ते नुसतंच पॅराफिन असतं. तुमचं मेण काळं आहे म्हणजे ते अशुद्ध आहे असं नाही, ते पिल्लांच्या पोळ्याचं आहे आणि बहुतेक जास्त तापलंय, एवढाच त्याचा अर्थ.

हे मी एवढं ठासून का सांगतेय ते सांगते. आम्ही जावळी खोऱ्यातले, सासऱ्यांच्या 18 पेट्या, सगळ्या सातेरीच्या. आमच्या भागात मधाचं कौतुक सगळे करतात, महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालं तेव्हापासून तर जास्तच, पण मेणाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सासरे मध काढला की पोळ्याचे तुकडे परड्यात टाकून द्यायचे. सातेरी जुनं पोळं स्वतःच कुरतडून खाली पाडते, तो पेटीच्या तळाच्या फळीवरचा भुगाही मेणच असतो, तोही झाडून फेकायचे. मी सून म्हणून आले आणि ते सगळं डब्यात भरून ठेवायला लागले. घरात हसायचे. मग आसपासच्या वाड्यांवरच्या मधपाळांना सांगून ठेवलं की पोळं टाकू नका, मी किलोवर घेते. मी पोळंच घ्यायचे, वितळवलेलं मेण कोणाकडून कधी घेतलं नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतंय.

तीन हंगाम साठवून 2019 च्या मे महिन्यात सगळं एकदम साफ केलं, साडेनऊ किलो झालं. मला ती रात्र अजून आठवते. शेवटचं पातेलं गोधडीत गुंडाळून ओट्यावर ठेवलं होतं, कारण मेण जितकं हळू थंड होईल तितका गाळ नीट खाली बसतो. पहाटे उठून बघितलं तर वडी कडेने सुटलेली, पातेल्याला बोटाने हलकं वाजवलं तर आत टक्क करून हलली. उपडी केली, खाली करडा थर होता बोटाच्या पेराएवढा, तो विळीवर खरवडून काढला आणि आत जो रंग निघाला तो हळदीच्या दुधासारखा. वास असा की जांभळाच्या हंगामात पेटी उघडल्यावर येतो तोच.

माझे धाकटे दीर पुण्याला असतात, त्यांच्या मित्राच्या ओळखीने क्रीम-साबण बनवणाऱ्या एका कंपनीला हे मेण द्यायचं ठरलं होतं. त्यांनी सॅम्पल लॅबला पाठवलं. रिपोर्ट आला, ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे मेणात मोकळं आम्ल किती तो आकडा, 6.8, आणि त्यांच्या कागदावर लिहिलेलं 17 ते 24 पाहिजे. निष्कर्ष काय, तर भेसळ. पॅराफिनमध्ये आम्ल नसतंच, त्यामुळे पॅराफिन मिसळलं की हा आकडा खाली येतो, म्हणून त्यांनी सरळ तसं धरलं आणि माल परत पाठवला. त्याचं मला तेवढं वाईट नाही वाटलं. वाईट कशाचं वाटलं, तर दीर गणपतीला घरी आले आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, मेणबत्त्यांचे तुकडे-बिकडे पडले होते का हो तुमच्या पातेल्यात? माझं नाव गेलं तिकडे." सासरे काही बोलले नाहीत. नवरा म्हणाला जाऊ दे. मी वाढत होते, तशीच वाढत राहिले.

दीड वर्ष ते मेण माळ्यावर पडून होतं. मग एका ट्रेनिंगला गेले होते, तिथे शिकवणाऱ्या मॅडमना जेवणाच्या सुट्टीत गाठून विचारलं, रिपोर्ट पर्समध्येच असायचा माझ्या. त्यांनी आकडा बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "माशी कुठली?" मी म्हटलं सातेरी. म्हणाल्या, मग बरोबर आहे की. 17 ते 24 हा आकडा मेलिफेराचा, म्हणजे युरोपियन माशीच्या मेणाचा. आपल्या सातेरीच्या आणि आग्याच्या मेणात मोकळी आम्लं मुळातच कमी, त्यांचा आकडा साधारण दहाच्या आतच राहतो. आशियातल्या ह्या मेणाला व्यापारात घेड्डा वॅक्स असं वेगळं नावसुद्धा आहे. म्हणजे लॅबचा आकडा बरोबर होता, माझं मेणही बरोबर होतं, चुकीचा होता तो ज्या कागदाशी ताडून बघितला तो कागद. पॅराफिन खरंच शोधायचं असेल तर सॅपॉनिफिकेशन क्लाउड पॉइंट नावाची टेस्ट असते, त्यात मेणाचा साबण करून बघतात, पॅराफिनचा साबण होत नाही त्यामुळे द्रावण लवकर गढूळ होतं, ती करायला सांगायची होती. कोणी सांगितली नाही.

तर आता तुमचं मेण. स्पंजासारखं झालं म्हणजे तुम्ही बोअरचं पाणी वापरलं असणार, आणि खळखळून उकळलं असणार. जड पाण्यातला चुना मेणातल्या आम्लांशी मिळून एक प्रकारचा साबणच तयार होतो, तो पाणी धरून ठेवतो. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात चांगलं, नाहीतर फिल्टरचं. भांडं स्टीलचं. लोखंडी कढई, तांबं, पितळ ह्यात मेणाचा रंग कायमचा जातो, आणि मग तो कुठल्याच गाळण्याने परत येत नाही. मेण 62-64 डिग्रीला वितळतं, 85 च्या वर गेलं की काळवंडायला लागतं, त्यामुळे पाणी नुसतं वाफाळलेलं ठेवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. घाई करणाऱ्याने ह्या कामात पडूच नये.

मधाच्या भागातलं पोळं आणि मधाच्या घरांवरची मेणाची झाकणं एका बाजूला, पिल्लांचं काळं पोळं दुसऱ्या बाजूला, हे कधी एकत्र वितळवायचं नाही. बामसाठी फक्त पहिलं घ्या. काळं पोळं रात्रभर पाण्यात भिजवा, कारण त्यात पिल्लांच्या कोषांची अस्तरं असतात, ती कोरडी असली तर मेण पिऊन बसतात, आधीच पाणी प्यायलेली असली तर मेण सोडतात. मग सुती पंच्यात पुरचुंडी बांधून पातेल्यात दगडाखाली दाबून ठेवायची, मेण कापडातून वर येतं, चोथा आत राहतो. तरी काळ्या पोळ्यातून मेण कमीच निघतं, अपेक्षा ठेवू नका. वडी निघाली की खरवडून दुसऱ्यांदा, पाण्यात नाही, डबल बॉयलरवर नुसती वितळवायची आणि जुन्या बनियनच्या कापडातून गाळायची. मेणबत्तीसाठी ही दुसरी गाळणी चुकवू नका, बारीक कचरा राहिला की वात गुदमरते आणि मेणबत्ती मधेच विझते.

रंग उजळायचाच असेल तर मेण किसून ताटात पसरून कडक उन्हात ठेवा, रोज हलवा, विरघळायला लागलं तर सावलीत घ्या. उन्हाने फिकट होतं. पांढरंशुभ्र होणार नाही आणि होऊही नये. आणि प्रत्येक कामाला उजळ मेण लागतं असंही नाही, पालघरकडे तारपा वाद्याचे सांधे मेणाने बुजवतात, बस्तरमध्ये ढोकराच्या ओतीव धातूच्या मूर्ती आधी मेणाच्या करतात, तिथे रंग कोण बघतं.

सातेरीच्या मेणाची आणखी एक गोष्ट सांगते जी विकताना मी मुद्दाम सांगते: सातेरी माशी झाडाची राळ, प्रोपोलिस म्हणतात ती, गोळा करत नाही, त्यामुळे मेण चिकट लागत नाही आणि गाळायला सोपं जातं. मेलिफेरावाल्यांनी आम्हाला शिकवू नये. आता मी डब्यावर मोठ्या अक्षरात "सातेरीचं मेण" लिहिते, आणि घेणाऱ्याला आधीच सांगते की टेस्ट करणार असाल तर माशीचं नाव लॅबला कळवा. तुम्हीही विकणार असाल तर हे कराच. ती कंपनी परत आली नाही, पण माळ्यावरचं मेण बाटिक शिकवणाऱ्या एका ताईंनी घेतलं, सगळं. दिरांना मी ती ट्रेनिंगची वही आणि तो रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवला, पुढच्या गणपतीला, तेव्हाही पंगत बसलीच होती. त्यांनी वाचलं, "अच्छा, असं असतं होय" म्हणाले आणि आमटी मागितली. सासरे मात्र त्या दिवसापासून तळाचा भुगा फेकत नाहीत, वेगळ्या डब्यात घालून ठेवतात आणि मला हाक मारून सांगतात.

काही गोष्टी राहिल्या. चौकटीला बाजारातले मेणपत्रे, म्हणजे माशीने त्यावर पोळं बांधावं म्हणून लावायचे मेणाचे पातळ पत्रे, लावले असतील तर त्यात पॅराफिन असू शकतं आणि ते तुमच्या मेणात येणार, आम्ही आमच्याच मेणाची पट्टी लावतो म्हणून मी छातीठोक बोलू शकले, तुम्ही आधी बघा. इंटरनेटवरची बोरॅक्स घालून क्रीम करायची रेसिपी मेलिफेराच्या मेणाची असते, सातेरीच्या मेणाला तेवढा बोरॅक्स जास्त होतो. बामला तो प्रश्न नाही, वजनाने एक भाग मेण आणि चार-पाच भाग खोबरेल तेल, उन्हाळ्यात मेण थोडं वाढवा. थंडीत वडीवर पांढुरकी भुकटी आली तर ती बुरशी नाही, कापडाने पुसली की जाते, उलट ती खऱ्या मेणावर येते. काढून ठेवलेलं पोळं आठवडाभरही तसंच ठेवू नका, मेणकिडा पडतो, लगेच वितळवता येत नसेल तर दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग हवाबंद करा. आणि मेण कधीही थेट गॅसवर ठेवून बाजूला जाऊ नका, पेटलं तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं.

सध्या ते स्पंजी मेण फेकू नका. पावसाच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून त्यात परत वितळवा, गोधडीत गुंडाळा, रात्रभर हात लावू नका. सकाळी वडी उपडी करून खालच्या बाजूचा फोटो टाका, तो थर बघितल्यावरच पुढचं सांगता येईल.