कळ आधी पाठीत उठली होती

प्रश्न : आईच्या पाठीत अचानक असह्य कळ आली, मग मान ताठ झाली. पाठीतल्या पाण्यात रक्त सापडलं, पण मेंदूची अँजिओग्राफी स्वच्छ. आता मणक्याची कशाला?

उत्तर : कळ आधी पाठीत उठली ना, म्हणूनच! रक्त मज्जारज्जूच्या धमनीवरचा फुगा, म्हणजे कमकुवत भिंतीचा फुगवटा, फुटून आलं असू शकतं. असा फुगा फार दुर्मीळ. मीही मोजकेच पाहिलेत. तो जेमतेम काही मिलिमीटरचा, एमआरआयमध्ये रक्त दिसतं, फुगा बऱ्याचदा निसटतो. म्हणून जांघेतून नळी घालून एकेक धमनी तपासायची. वेळखाऊ, किचकट काम आहे खरं. काही फुगे आपोआप विरतात, तेव्हा कधी नुसतं लक्ष ठेवून पुन्हा अँजिओग्राफी करतो. नाहीतर शस्त्रक्रिया, किंवा नळीतूनच फुगा बंद करणं. मात्र तीच धमनी मज्जारज्जूला रक्त पुरवत असेल, तर पाय लुळे पडायची भीती. पाय बधिर झाले, लघवी अडली, तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा.