औषध मारायचं का एकदम बंद करायचं?

प्रश्न: आमची तासगावकडं दीड एकर द्राक्ष आणि एकरभर ऊस आहे. पुतणी पुण्याला शिकते, ती म्हणते काका हे विष मारणं बंद करा. तिचा बाप म्हणजे माझा भाऊ म्हणतो औषध बंद केलं तर 140 कोटी लोकांनी खायचं काय? घरात रोज वाद. खरं कुणाचं?

उत्तर: दादा, पुतणीची काळजी खरी आहे, 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले. पण एकदम बंद हे मला पटत नाही. श्रीलंकेनं 2021 मध्ये रासायनिक खतं आणि औषधं दोन्हीची आयात एका फटक्यात थांबवली, भाताचं उत्पादन पडलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय मागं घ्यावा लागला. आणि तुम्हाला माहितीच आहे, छाटणीनंतर पाऊस लागून पान रात्रभर ओलं राहिलं की डावण्या हा बुरशीचा रोग कसा घडात शिरतो, तिथं नुसता निंबोळी अर्क घेऊन बसलं तर वर्षाचं पीक गेलंच.

पण भावाला पण एक विचारा, आपले सगळे फवारे रोग बघून होतात का? शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की आपला सुरू, दुकानदारानं दिलं ते कॉम्बिनेशन टाकीत, असं चालतं ना बऱ्याच बागांत? हे फवारे लोकांचं पोट भरायला नसतात, भीतीपोटी असतात. त्यात मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे पण मरतात, मग मिलीबग आणखी वाढतो आणि पुन्हा औषध. 2010 ला क्लोरमेक्वाटच्या अंशामुळं आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तो तर रोगाचा फवारा पण नव्हता, नुसतं वाढ रोखणारं संजीवक. म्हणून आधी पान उलटं करून बघा, मग पंप काढा, आणि डब्यावर काढणीआधी जितके दिवस थांबायला सांगितलंय तितके थांबाच.

उसात तर औषधाआधी करण्यासारखं खूप आहे. हुमणी म्हणजे जमिनीत मुळ्या खाणारी अळी, तिचे भुंगेरे वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी सातनंतर बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, खाली ताडपत्री अंथरून फांद्या हलवल्या की टपाटप पडतात, ते गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. मादी अंडी घालायच्या आधीच गेली तर जमिनीत अळी होणारच कशी? शेणखतातून हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी पण द्या, पण एकट्याच्या शेतात करून भागत नाही, भुंगेरे शेजारून येतात, सगळ्या शिवारानं मिळून करायला पाहिजे. पुतणीला मे महिन्यात सुट्टीला बोलवा आणि बॅटरी घेऊन तिला अन तिच्या बापाला एकाच झाडाखाली उभं करा.